आंबिलीचं जाकीट

नांदेडात थंडीची तक्रार करणारा माणूस कृतघ्न समजला जातो. वर्षातले आठ महिने आम्ही उन्हाच्या नावानं बोटं मोडतो. मग डिसेंबर-जानेवारीत जेमतेम तीन आठवडे गारठा पडतो, आणि त्यात एखादा ‘फार थंडी आहे हो’ म्हणाला की लोक त्याच्याकडे परका माणूस बघावा तसं बघतात. म्हणून मी मोबाइलवरून आतून गरम होणारं जाकीट मागवलं, तेव्हा घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. पार्सल आलं ते नेमकं मी ऑफिसात असताना. संध्याकाळी घरी आलो तर खोका उघडलेला, आणि जाकिटाच्या आतल्या खिशातून लोंबणारी वायर बोटांत धरून बायको उभी.

“हे अंगात घालायचंय, का भिंतीला लावायचंय?” तिनं विचारलं.

जाकीट माझ्यासाठी नव्हतं, अण्णांसाठी होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. रेणापूरच्या पुढं आत आमचं गाव, तिथं ते, माय आणि माझा थोरला भाऊ असतात. भावाला मी दादा म्हणतो. शेती तोच बघतो, आणि अण्णांनाही तोच बघतो, म्हणजे तसं त्याला वाटतं. आदल्या हिवाळ्यात अण्णांची छाती भरली होती. लातूरच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवावं लागलं. सोडताना डॉक्टर म्हणाले, ह्यांना सकाळच्या गारठ्यात बाहेर काढू नका. दादा डॉक्टरांचं बोलणं कोर्टाच्या निकालासारखं ऐकतो. त्यानं त्या दिवशीच जाहीर करून टाकलं की पुढच्या येळवसला अण्णा घरी राहतील.

येळवस ज्यांना माहीत नाही त्यांना ही शिक्षा किती मोठी आहे ते कळणार नाही. ऐन थंडीतली ही अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडचं झाडून सगळं माणूस शेतात जातं. लातूर शहरातसुद्धा भर दुपारी रस्त्यावर कुत्री आरामात झोपतात. शेतात कडब्याची झोपडीवजा कोपी घालायची, त्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असं पोटाला तडस लागेपर्यंत खायचं. ह्या सगळ्यांवर राज्य करते ती आंबील. ताकात भिजवलेलं ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण-जिरं घालून ती आदल्या दिवशीच करतात, मातीच्या बिंदग्यात, म्हणजे लहान घागरीत, भरतात आणि रात्रभर आंबू देतात. आमच्या घरचा रिवाज असा की ते बिंदगं दिवस निघायच्या आत उंबऱ्याबाहेर पडलं पाहिजे, आणि तेही अण्णांच्या डोक्यावरून. पन्नासेक वर्षं ते तसंच जात आलंय. येळवसला गावात मागं राहतात ती फक्त कुलपं.

दिवाळी झाली आणि एक दिवस अण्णांचा मला फोन आला. अण्णा स्वतःहून फोन करत नाहीत. आधी त्यांनी सोयाबीनचं सांगितलं, मग म्हशीचं, मग माझ्या गुडघ्याचं विचारलं, आणि मग एकदम म्हणाले, “यंदा येळवसला मला न्यायलेत का न्हाई, तेवढं तुझ्या भावाला इचारून सांग बरं.”

“अण्णा, दादा तिथंच आहे की. तुम्हीच इचारा.”

“मी इचारलं की त्यो न्हाई म्हणल.”

“आन् मी इचारलं तर?”

“तू इचारलं तर जरा इचार करून न्हाई म्हणल.”

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर मला गलबलून आलं. ज्या माणसाच्या आवाजानं आम्ही दोघं भाऊ चड्डीत मुतायचो, तो माणूस शेतावर जायला परवानगी मागत होता, आणि तीही वशिल्यानं. मी त्याच वेळी ठरवलं की अण्णांना येळवसला न्यायचंच. आता मी हिशेबी डोक्याचा, ऑफिसात प्रिंटर अडला की सगळे मलाच बोलावतात. मी प्रश्नाचा तांत्रिक बाजूनं विचार केला. अडचण काय, तर थंडी. मग थंडीचा बंदोबस्त केला की झालं. तीन रात्री मोबाइल चाळून मी ते जाकीट निवडलं.

जाकीट काळं, बिनटोपीचं. पाठीत आणि पोटावर आतून तापणाऱ्या पट्ट्या. आतल्या खिशात पॉवर बँक ठेवायची, वायर जोडायची आणि छातीवरचं बटण दाबून धरायचं. आधी लाल दिवा लागतो, तेव्हा जाकीट सगळ्यात कडक तापतं. पुन्हा दाबलं की पांढरा, मध्यम. पुन्हा दाबलं की निळा, मंद. वडिलांच्या अंगावर चढवायच्या आधी मी ते स्वतःवर तपासायचं ठरवलं. नोव्हेंबरात नांदेडला थंडी कुठून आणायची? मी ते घालून फ्रीजचं दार उघडून समोर पाटावर बसलो. बायकोनं स्वयंपाकघरात येऊन हे दृश्य बघितलं, माझ्या डोक्यावरून हात लांब करून कोथिंबीर काढली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते घालून गोदावरीच्या घाटाकडं फिरायला गेलो. छातीवर लाल दिवा. एक गृहस्थ माझ्या बाजूनं दोनदा येऊन गेले आणि तिसऱ्यांदा हलक्या आवाजात म्हणाले, “सर, आमचं शूटिंग चालू आहे का?” मी घामानं निथळत होतो. चाचणी यशस्वी झाली असं मी धरलं.

येळवसच्या दोन दिवस आधी मी रजा टाकून गावी गेलो. नांदेडहून अहमदपूरमार्गे लातूर, लातूरहून रेणापूर, आणि सगळ्या प्रवासात जाकिटाचा खोका मांडीवर. पोचल्यावर हातपाय धुतले आणि लगेच ओसरीत प्रात्यक्षिक लावलं. अण्णांनी धोतर-सदऱ्यावर जाकीट चढवलं, मी बटण दाबलं, लाल दिवा लागला. अण्णा दोन मिनिटं डोळे मिटून बसले.

“कसं वाटतंय?”

“म्हशीला टेकल्यावानी,” अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून ह्याच्याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

माय खांबाला टेकून बघत होती. तिला मी कधी यंत्रात रस घेताना पाहिलं नव्हतं. टीव्हीचा रिमोटसुद्धा ती दुसऱ्याच्या हाती देते. पण आज तिनं जवळ येऊन दिव्यावर बोट ठेवलं. “ही लाल बत्ती किती येळ चालती म्हणालास?”

“तीन तास.”

“आन् निळी?”

“आठ-नऊ तास आरामात.”

“म्हंजी लाल लई खाती.”

“हाव. म्हणून लाल लावायचीच नाही. सकाळी निघताना निळी लावायची, दुपारपर्यंत बघायला नको.” कुणी मन लावून ऐकतंय म्हटल्यावर मी तिला चार्जिंगला सहा तास लागतात इथपासून सगळं समजावून दिलं. मास्तर व्हायचं राहून गेल्याची माझी हौस अशी कुठं कुठं फिटते.

दादा मात्र जाकिटाला चारी बाजूंनी फिरून बघत होता. अखेर त्यानं निकाल दिला. “मशीन चालू आसलं तर न्यायचं. बंद पडलं तर अण्णा घरी. मग मला कुणी बोलायचं न्हाई.”

“मंजूर,” अण्णा म्हणाले. एवढ्या लवकर त्यांनी दादाचं काही मंजूर केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी, सकाळचे दहा वाजलेले, ऊन चांगलं चटचटत होतं, आणि अण्णा जाकीट घालून पारावर जाऊन बसले. काढायला तयार नाहीत. माणसं येत, जाकिटात हात घालून बघत, ‘आयला’ म्हणून हात काढत. अण्णांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते प्रत्येकाला सांगत होते, “थंडी म्हून वाजना.” पूर्वी गावात दुधाचा रतीब घालणारे त्यांचे एक जुने सोबती तिथं होते. त्यांनी बराच वेळ आत हात ठेवला आणि विचारलं, “ह्याच्यात इरजण लागंल का रं?” हिवाळ्यात आमच्याकडं दही लागता लागत नाही, त्यामुळं प्रश्न अगदीच खुळा नव्हता. पण मी जरा चिडून म्हणालो की हे माणसासाठी आहे. ते म्हणाले, “माणूस कुठं जायलाय, आधी दह्याचं बघा.” घरी आल्यावर अण्णांनी हा किस्सा रंगवून सांगितला. माय हसली नाही. ती भज्जीच्या भाज्या निवडत होती.

त्या दिवशी दुपारी मी पॉवर बँक काठोकाठ चार्ज केली, जाकिटाच्या खिशात ठेवली आणि जाकीट ओसरीतल्या खुंटीला टांगलं. सगळ्यांना बजावलं की ह्याला आता कुणी हात लावायचा नाही. दिवेलागणीला मायनं आंबील करून बिंदग्यात भरली. आम्ही लवकर जेवून झोपलो.

पहाटे उठून ओसरीत आलो तर अण्णा तयार. पायात मोजे, कानाला मफलर, त्यावर रुमाल बांधलेला. तोंडावर लहान पोराचा आनंद. फक्त जाकीट तेवढं घालायचं होतं, आणि खुंटी रिकामी होती.

आम्ही दोघा भावांनी घर पालथं घातलं. शेवटी दादाची हाक आली, “हिकडं ये, बघ तुझं मशीन.”

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चुंबळीवर, आंबिलीचं बिंदगं जाकीट घालून बसलं होतं. चेन गळ्यापर्यंत ओढलेली, दोन्ही बाह्या पोटावर गाठ मारून बांधलेल्या. वरून पाहिलं तर कुणी ठेंगणा पाव्हणा हाताची घडी घालून नाश्त्याची वाट बघत बसलाय असं वाटावं. मी त्याच्या छातीवरचं बटण दाबलं. काही नाही. दाबून धरलं. काही नाही. पॉवर बँक ठार रिकामी होती.

“झालं,” दादा म्हणाला. “अण्णा घरी.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मायवर ओरडलो. तुला सांगितलं होतं ना हात लावायचा नाही, त्या म्हाताऱ्याच्या दह्याच्या गोष्टी ऐकून तू आंबिलीला जाकीट घातलंस, आंबील नसती आंबली तर काय आभाळ कोसळत होतं, असं बरंच बोललो. आणि शेवटी माझ्यातला यंत्रवाला जागा झाला. “आन् लावायचंच होतं तर निळी लावायची. रात्रीतून सगळं संपलं म्हणजे तू लाल लावलीस. दोन दिवसांपूर्वी एवढं समजावून सांगितलं, काही कळलं का नाही तुला?”

“समदं कळलं,” माय म्हणाली. “लाल लवकर सरती. म्हूनच लावली.”

मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

“तुम्ही दोघं दवाखान्यात आलाव,” ती बिंदग्याकडं बघत म्हणाली. “त्याच्या आधीचे चार दिस ह्यो रानात आसायचा, उशाला मी होते. ह्येंचा एक दम गेला की दुसरा येस्तोवर मी बसून ऱ्हायची. एकेक मोजलाय मी. आता पुन्हा मोजायला माझ्यात ताकद न्हाई.”

अण्णा दारात उभे होते. ते म्हणाले, “मग सरळ म्हणायचं की, जाऊ नका म्हून.”

“म्हणले असते तर ऐकलं असतं का?”

अण्णांनी खरोखर विचार केला. “न्हाई,” ते म्हणाले. आधी दादा फिसकन हसला, मग मी.

पण अण्णा हसले नाहीत. ते ओसरीत गेले, बाजेवर बसले, डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याची घडी घालायला लागले. नीट, काठाला काठ जुळवून. मग मफलर. मग मोजे. “जावा तुम्ही,” ते म्हणाले. “दिवस निघायलाय.” त्यात राग नव्हता. राग असता तर मी समजून घेतलं असतं, राग आमच्या घरात पुष्कळ आहे. हे असलं शहाण्यासारखं वागणं मी त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

मायलाही बघवलं नाही. ती आत गेली, बिंदगं जाकिटासकट उचलून आणलं, आणि ते मांडीवर घेऊन घराच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली.

“उन्हं अंगणात येऊ द्या,” ती म्हणाली. “मग जाऊ समदे.”

दादा चमकला. “अगं पर रिवाज? दिवस निघायच्या आत—”

“रिवाज बिंदग्याचा हाय. आन् बिंदगं माझ्याकडं हाय.”

डॉक्टर ‘सकाळच्या गारठ्यात’ म्हणाले होते. दिवस वर आल्यावर जाऊ नका, असं काही ते म्हणाले नव्हते. दादाला कृषी विद्यापीठाची पदवी आहे, मला दोन. महिनाभर आम्ही जाकीट, बॅटरी, पट्ट्या ह्यांवर फोनवरून चर्चा केली होती, पण जी गोष्ट आमच्याकडं बारा महिने फुकट आणि नको इतकी मिळते, त्या उन्हाची आठवण दोघांपैकी एकालाही झाली नव्हती. बिंदगं उशिरा निघू शकतं, हे मुळात आमच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं.

मग आम्ही वाट बघत बसलो. समोरून सगळं गाव शेताकडं चाललं होतं. बैलगाड्या, मोटारसायकली, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया. उंबऱ्यावर जाकीट घातलेलं बिंदगं घेऊन बसलेली माय बघून प्रत्येकाचा पाय अडखळत होता. एका बाईनं विचारलंच, “आवो, बिंदगं न्हाई निघालं आजून?”

“त्येला थंडी वाजलीय,” माय शांतपणे म्हणाली.

ऊन हळूहळू अंगणात उतरलं. ते जसं सरकेल तशी अण्णांची बाज आम्ही त्याच्या मागं सरकवत होतो. अण्णांनी पुन्हा मोजे घातले. मग मफलर. रुमाल मात्र त्यांनी हातातच धरून ठेवला होता, मायकडं बघत. दहा वाजून गेल्यावर तिनं पायरीवर तळवा ठेवून बघितला, जणू तव्याचा अंदाज घ्यावा तसा, आणि बाह्यांची गाठ सोडून बिंदगं जाकिटाबाहेर काढलं. अण्णांनी रुमाल बांधला.

बिंदगं त्यांच्याच डोक्यावर गेलं. दादानं हात पुढं केला होता, पण अण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा चड्डीतला पोरगा झाला. ते पुढं, त्यांच्या मागं एका पावलावर माय, आणि आम्ही दोघं पाट्या घेऊन. शेत लांब नाही, तरी आम्ही दोनदा थांबलो. थांबायचं कारण दर वेळी माय काढत होती. एकदा चपलेत खडा, एकदा पदर.

पूजा झाल्यावर शेताला आंबील शिंपडत फेरी मारायची असते. पुढचा माणूस ‘ओलगे ओलगे’ अशी आरोळी देतो आणि मागचे त्याला साथ देतात. अण्णांनी पहिली आरोळी दिली ती ज्वारीवरून पार ओढ्यापर्यंत गेली. शेजारच्या शेतातून माणसं उठून बघायला लागली. दुसरीही तशीच गेली. शेताच्या बांधावर, धुऱ्याच्या वळणाला ते थांबले. तिसरी येईना. आमच्याकडं पाठ, एक हात कमरेवर. दादा पुढं धावणार तेवढ्यात मायनं त्याचा दंड धरला. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती. ती मोजत होती. मग माझ्या लक्षात आलं की मीही मोजतोय. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापाचा श्वास मोजला, आणि तेव्हा कुठं मला कळलं की मायनं मागच्या वर्षी चार दिवस काय केलं होतं. सकाळी मी तिच्यावर ओरडलो होतो, त्याची मला इतकी लाज वाटली की मान वर करता येईना.

सातव्यावर आरोळी आली. आधीच्या दोन्हींपेक्षा लहान, पण पुरी. उरलेली फेरी दादानं मारली आणि अण्णांनी कोपीजवळ बसून त्याच्या चुका काढल्या.

मग पंगत बसली. माझ्या वाटीत आंबील पडली आणि मी एक घोट घेतला. डोक्याचे केस उभे राहिले. तीन तास लाल दिव्यावर तापलेली ती आंबील इतकी आंबट झाली होती की दादानं वाटी हळूच मातीत ओतून वर पाय ठेवला. माय पळी घेऊन उभी होती. ती आमच्याकडं बघत नव्हती. अण्णांनी पहिली वाटी संपवली. दुसरी मागितली. तिसरी मागितली.

“लई आंबली न्हवं?” माय म्हणाली.

“न्हाई,” अण्णा म्हणाले. त्यांचा एक डोळा गच्च मिटला होता आणि दुसऱ्यातून पाणी येत होतं. “वाढ आजून.”

तिनं वाढली. मग पळी बिंदग्यात ठेवून ती त्यांच्या शेजारी टेकली आणि त्यांच्या वाटीतला एक घोट तिनंही घेतला.